शंभर जणांचं बेट आणि घरातली हाक

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावात पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांचा घोळका दिसला की त्यातल्या दोघाचौघांच्या तोंडी 'बीजीएमआय' (म्हणजे 'पबजी'चा भारतीय अवतार) नाहीतर 'फ्री फायर' या मोबाइल खेळाचं नाव असतंच. घरात यावरून रोज खटके उडतात. एक बाजू म्हणते, हे विष आहे. दुसरी म्हणते, तुम्हाला यातलं काही कळत नाही, आणि दार लावून घेते. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं तर काय हाती लागेल, हे पाहण्यासाठी हा संवाद मांडला आहे. यातले मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. भाचा भोकरमध्येच मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि रात्री स्वतः खेळतो. ही दोन माणसं कल्पनेतली आहेत. ती ज्या खेळांविषयी, कायद्यांविषयी आणि जाहीर घटनांविषयी बोलतात, त्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

मामा : आधी तो खेळ मला नीट समजावून सांग. पोरांच्या पाठीमागं उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच मी पाहिलंय. नावं ठेवायची तरी माहिती घेऊन ठेवावीत.

भाचा : हे बरं केलंत मामा. बघा, शंभर जण एका विमानात बसतात. खाली बेट. एरँगल नावाचा जो सगळ्यात जुना नकाशा आहे तो आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. पॅराशूटनं उतरायचं, हातात काहीच नाही. घरं धुंडाळायची, बंदूक, गोळ्या, हेल्मेट, मलमपट्टी, जे सापडेल ते गोळा करायचं. पोरं त्याला 'लूट' म्हणतात. थोड्या वेळानं नकाशावर गोल पडतो, तो 'झोन'. झोनच्या बाहेर राहिलं की हेल्थ उतरत जाते. गोल आवळत जातो, लांबलांबची माणसं जवळ येतात आणि शेवटी एकच संघ उरतो. सगळं अर्ध्या तासात. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी हा प्रकार घडवला. दक्षिण कोरियातल्या ब्लूहोल कंपनीनं २०१७ मध्ये तो 'पबजी' नावानं संगणकावर आणला. मार्च २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि आपल्याकडं झपाट्यानं पसरला, कारण २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता.

मामा : समोरची माणसं खरी असतात, की यंत्रच खेळतं?

भाचा : सुरुवातीला बरेच 'बॉट' असतात, म्हणजे यंत्राचे खेळाडू. नवख्याला हुरूप यावा म्हणून. रँक चढत गेली की माणसं. आणि खरा रंग तिथंच भरतो. यंत्राची चाल चार दिवसांत पाठ होते, माणसाची होत नाही. कुणी गवतात आडवा पडून पाच-पाच मिनिटं हलत नाही, कुणी जीप घेऊन थेट अंगावर येतो, कुणी मेल्याचं सोंग... नाही, तेवढं जमत नाही, पण दार उघडं टाकून आत दबा धरून बसतो. नकाशा तोच, घर तेच, पण रोजचा डाव नवा. नुसत्या ऑनलाइन चालणाऱ्या खेळाचा हा सगळ्यात मोठा गुण आहे.

मामा : गुण मान्य. पण मार्च २०१९ तू विसरलास का? हिंगोलीला खटकाळी बायपासजवळ दोन तरुण रुळावर बसून हाच खेळ खेळत होते, गाडी आली तरी त्यांना कळलं नाही, अशी बातमी होती. हिंगोली काही अमेरिकेत नाही. आपल्या शेजारचा जिल्हा. त्या दोन्ही घरांचं काय झालं असेल? त्याच महिन्यात गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी खेळावर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना पकडलं. त्याआधी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलानं आईमार्फत बंदीसाठी याचिका केली होती. लोक उगाच घाबरले होते का?

भाचा : उगाच नाही. हिंगोलीची बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी ऑनलाइन आलं नाही. पण त्या घटनेतून काय धडा घ्यायचा यावर माझं वेगळं मत आहे. कानात हेडफोन घालून रुळावर बसणं जीवघेणं आहे, कानात गाणी असोत की खेळ. सगळ्यांनी त्यातून 'बंदुकीचा खेळ पोरांना मारतो' असा अर्थ काढला. मला वाटतं, बंदुकीपेक्षा त्यातल्या आवाजाकडं बघायला पाहिजे होतं. या खेळात पावलांचा आवाज ऐकून शत्रू कुठल्या दिशेला आहे ते ओळखावं लागतं. पायऱ्यांवर चढतोय का, लाकडी फरशीवर आहे का, डावीकडं की उजवीकडं, हे कानानं कळतं. म्हणून खेळणारा हेडफोन घालतो आणि बाहेरचं सगळं बंद करतो. खेळ चांगला बांधलाय, म्हणूनच तो माणसाला पुरता ओढून घेतो. गुण आणि धोका एकाच जागी आहेत.

मामा : हे मात्र पटण्यासारखं बोललास. पण बंदुकीचं काय? चौथीतलं पोरगं 'हेडशॉट मारला' म्हणून नाचतं, ते मला बघवत नाही.

भाचा : चौथीतल्या पोरानं तो खेळूच नये, त्यावर आपलं भांडण नाही. पण मोठ्या पोरांबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, एपीएनं, मार्च २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. आरडाओरड, ढकलाढकली असल्या आक्रमक वागण्याशी हिंसक खेळांचा थोडाफार संबंध दिसतो. खून, मारामाऱ्या या खेळांमुळं होतात असं म्हणायला मात्र पुरेसा आधार नाही. दुसरीकडं २००३ मध्ये ग्रीन आणि बावेलिए या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की असले वेगवान खेळ खेळणाऱ्यांचं दृष्टीचं अवधान वाढतं. एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवणं त्यांना जमतं.

मामा : तो अभ्यास तुझ्या खेळाच्या कितीतरी आधीचा. आणि नजर तेज झाली म्हणून पुस्तकावर ती टिकते असं थोडंच आहे? मी तीस-पस्तीस वर्षं पोरं शिकवली. बंदुकीनं पोरगं गुंड होईल ही भीती मलाही कधी फारशी वाटली नाही. मला भीती वाटते ती सकाळी साडेदहाला वर्गात बसलेल्या पोराच्या डोळ्यांची. लाल झालेले, जड झालेले डोळे. फळ्यावरचं उतरवून घेताना हात थांबतो, मान खाली जाते. रात्री किती वाजता झोपलास विचारलं की खोटं बोलतं. खोटं बोलायची सवय लागते ना, ती मला जास्त बोचते.

भाचा : ते मी दुकानात वेगळ्या अंगानं बघतो. दुरुस्तीला आलेला फोन हातात घेतला की तो कसा वापरलाय ते कळतं. आडवा धरला तर खालच्या दोन कोपऱ्यांत, जिथं अंगठे पडतात तिथं, स्क्रीनगार्ड घासून धुरकट झालेला असतो. चार्जिंगला लावूनच खेळल्यानं पिन सैल झालेली असते, तापून तापून बॅटरी फुगलेली असते. वडील सांगतात, 'पोराच्या अभ्यासासाठी घेतला होता, कोरोनात शाळा मोबाइलवर होती म्हणून.' मी काही बोलत नाही. पोरगं माझ्याकडं बघतं, मी त्याच्याकडं. आणि हो, बोटांना घाम येऊ नये म्हणून मिळणाऱ्या फिंगर स्लीव्हज मीही विकतो. म्हणजे माझा संसारही त्यावर चालतो, हे लपवत नाही.

मामा : मग तू खेळाची बाजू घेतोस कशापायी?

भाचा : स्क्वॉडसाठी. चौघांचा संघ असतो. आमच्या चौघांत मी इथं, एक चाकणला कंपनीत, एक हैदराबादला, आणि एक तेलंगणातल्या भैंशाचा, तेलुगू बोलणारा. त्याला मराठी निम्मी समजते, आम्हाला त्याची तेलुगू निम्मी. दिवसभर कुणी कुणाला फोन करत नाही. काय बोलणार? पण रात्री चौघं एका विमानात बसलो की सगळं येतं. कापसाला काय भाव लागला, कुणाच्या बहिणीचं ठरलं, कुणाच्या सुपरवायझरनं काय छळलं. आणि मध्येच, 'डावीकडं झाडामागं एक आहे, थांब, मी गोळीबार करून त्याला अडवतो, तू याला उठव.' आपला गडी खाली पडला की त्याच्याजवळ जाऊन दहा सेकंद बसावं लागतं, तेव्हा तो उठतो. त्याला 'रिव्हाइव्ह' म्हणतात. त्या दहा सेकंदांत तुम्ही स्वतः उघड्यावर असता. तरी जातोच. गाव सोडून गेलेल्या पोरांना एकमेकांजवळ आणणारं असं दुसरं काही माझ्या पिढीकडं नाही, मामा. भोकरमधून पोरं पुण्याला, हैदराबादला जाणार, ते काही थांबत नाही. निदान संध्याकाळ तरी एकत्र जाते.

मामा : हे मी कधी या बाजूनं पाहिलं नव्हतं. पण त्याच माइकवर शिव्याही ऐकू येतात. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, सगळं कानावर पडतं.

भाचा : येतात. ओळखीचे चौघं असले तर बरं असतं. अनोळखी लोकांशी जोडी लागली की कुणीही काहीही बोलतो. मुलीनं माइक चालू केला की विचारूच नका. माझी एक आतेबहीण आमच्यापेक्षा चांगली खेळते. ती माइक बंद ठेवून खेळते. मैदानावर एवढं कुणी बोललं असतं तर दोन कानफटात बसल्या असत्या. इथं तक्रारीचं बटण आहे, पण शिवी देणारा पुढच्या डावात नव्या लोकांत जाऊन बसतो. हा या खेळाचा मोठा दोष आहे आणि तो खेळाडूंनी केलेला आहे. कंपनीच्या माथी मारून आम्ही मोकळं होऊ शकत नाही.

मामा : आता मला सांग, घरात भांडण नक्की कुठं पेटतं? माझ्या पाहण्यात ते एकाच क्षणी पेटतं. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, 'ताट वाढलंय, ये.' पोरगं म्हणतं, 'दोन मिनिटं.' दोन मिनिटांची पंधरा होतात. बाप उठून फोन हिसकावतो. हीच दोन मिनिटं मला समजत नाहीत.

भाचा : कारण हा खेळ थांबवता येत नाही. आमच्या लहानपणी मारिओ होता, त्याला पॉजचं बटण होतं. जेवून आलं तरी मारिओ तिथंच उभा. इथं बेटावर आणखी नव्व्याण्णव माणसं आहेत, ती कुणाच्या आईच्या हाकेसाठी थांबणार नाहीत. खेळ तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये चालत नाही. फोन तुमची हालचाल सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या लांबच्या संगणकाला, कळवतो आणि सगळ्यांचा डाव तो सर्व्हर जोडून ठेवतो. म्हणून पोरगं उठलं तर त्याचे तीन साथीदार तिघंच राहतात, त्याची रँक उतरते, आणि दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं. त्याला एकाच वेळी दोन घरांतून हाक येत असते.

मामा : आणि तो दुसऱ्या घराचं ऐकतो.

भाचा : ऐकतो. पण आई-बापांना एवढं कळलं की डाव अर्ध्या तासाचा असतो आणि मध्ये सोडता येत नाही, तर अर्धं भांडण मिटेल. 'अर्धा तास खेळ' असं सांगू नका, 'एक डाव खेळ' असं सांगा. डाव सुरू व्हायच्या आधी सांगा. विमानात बसल्यावर नाही. आणि पोरानंही जेवणाची वेळ पाहून डाव लावावा. माझ्याच घरी मी हा नियम केलाय आणि तो चालतो.

मामा : नियम चांगला आहे. पण तू खेळाकडं पाहतोयस, खेळ बनवणाऱ्याकडं पाहत नाहीस. एक डाव संपला की दुसरा का सुरू होतो, ते सांग.

भाचा : ते सांगतो, आणि इथं मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे. साधारण दोन महिन्यांनी सीझन बदलतो. तुम्ही रात्र-रात्र जागून 'क्राउन', 'एस' अशा पातळीवर चढलेले असता, तिथून तुम्हाला खाली आणून ठेवतात. पुन्हा चढा. कबड्डीत मागच्या वर्षी जिंकलेला करंडक कुणी कपाटातून काढून नेत नाही, इथं नेतात. रोज आलात तर बक्षीस, रोज ठरावीक कामं, सीझनचा पास. डाव हरलो म्हणून मी कधी रडलो नाही, पण सीझनच्या शेवटच्या आठवड्यात मीही रात्री तीनपर्यंत जागलोय. मला खेळायचं होतं म्हणून नाही. रँक जाईल म्हणून.

मामा : हेच मला म्हणायचंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घातलाय. २०१९ मध्ये मान्यता मिळाली, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळ्याच्या वर खेळ, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालू, अशी त्याची लक्षणं. बेंगळुरूच्या निम्हान्सनं तर २०१४ पासूनच मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालवलंय. इथून बेंगळुरू केवढं लांब! भोकरच्या पोराला असं काही झालं तर आई-बाप त्याला मांत्रिकाकडं नेतील नाहीतर पट्ट्यानं मारतील. तालुक्याला समुपदेशक कुठं आहे?

भाचा : त्याला माझ्याकडं उत्तर नाही. फक्त एवढंच, की दोन तास खेळणारं प्रत्येक पोर आजारी नसतं. संघटनेची व्याख्याच तशी सांगते. आई-बाप सगळ्यांनाच रोगी ठरवतात, आणि ज्याला खरंच मदत हवी असते तो त्या गर्दीत हरवतो.

मामा : आता पैशाचं बोल. हा खेळ फुकट म्हणतात. एवढी मोठी कंपनी फुकट कशी चालते?

भाचा : उतरायला फुकट, सजायला पैसे. बंदूक सगळ्यांना सारखीच. पैसे देऊन गोळी जास्त लागत नाही, हे खेळाच्या बाजूनं सांगायला पाहिजे. पैसे जातात ते कपड्यांवर आणि बंदुकीच्या रंगावर. पण ते सरळ दुकानातून घेता येतात असंही नाही. पुष्कळ वेळा 'क्रेट' विकत घ्यावी लागते. आत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. माझ्या दुकानात सोयाबीनचे पैसे खात्यावर आल्या-आल्या गायब झाले म्हणून आलेला शेतकरी बसलेला असतो, आणि यूपीआयचा इतिहास काढून दाखवला की शेजारी उभ्या पोराचा चेहरा पांढरा पडतो. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला सात हजार रुपयांची मर्यादा घातली होती. दिवसाला सात हजार! आपल्याकडं मजुरीवर जाणाऱ्या बाईचा महिना त्याच्या आसपास जातो.

मामा : आणि विकत घेतलेला तो कपडा राहतो तरी का?

भाचा : तिथंच खरी मेख आहे. आम्ही जे घेतो ते भाड्याच्या खोलीला स्वतःच्या पैशानं रंग दिल्यासारखं आहे. मालकानं सांगितलं की निघायचं, रंग भिंतीवरच राहतो. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. मोबाइलवरचा खेळ चिनी कंपनी चालवायची आणि सीमेवर चीनशी झालेल्या संघर्षानंतरचा तो निर्णय होता, देशाच्या सुरक्षेपुढं खेळ काय, हे मलाही मान्य. पुढं पबजीच्या मूळ कोरियन मालकानं, क्राफ्टननं, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आणला. रक्ताचा रंग हिरवा केला, अठराखालच्यांना पालकांची परवानगी घातली. जुलै २०२२ मध्ये स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दिसली. आजोबांनी टीव्ही लावला तर क्रिकेटच्या वाहिनीवर आमचा खेळ! आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला खेळ प्ले स्टोअरवरून गेला. दहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परत आला. अठराखालच्यांना रोज तीन तास, मोठ्यांना सहा. फ्री फायरवर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. पोरांना यातून काय कळलं? कायदा समजला नाही. नेट लावून पुढचा खेळ शोधायचा, एवढंच कळलं.

मामा : सरकारनं बंद केलं नाही तरी कंपनी बंद करू शकते का?

भाचा : करतेच. 'ॲपेक्स लेजंड्स मोबाइल' मे २०२२ मध्ये आला, चांगला खेळ होता, १ मे २०२३ ला संपला. एक वर्षही नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे. लोकांचे पैसे परत केले, पण खेळ जगातून गेला. आमच्या मोठ्या भावाच्या वेळी कॅफेत 'काउंटर स्ट्राइक' असायचा. तारेनं जोडलेले आठ संगणक, इंटरनेट नसलं तरी चालायचं, सर्व्हर कॅफेतच. तो आजही कुणी लावला तर चालेल. लढाई तीच, पण किल्ली खेळणाऱ्याच्या हातात होती.

मामा : म्हणजे तुझ्या खेळात माणसं तुमची, वेळ तुमचा, पैसा तुमचा. मैदान तेवढं दुसऱ्याचं.

भाचा : हो. आणि मैदान लांबचं. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या वर गेला की मी आधी गोळी मारूनही मीच मरतो. लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली की भोकरचा खेळाडू संपला. पुण्याच्या पोराला हे भोगावं लागत नाही. शिवाय महागड्या फोनवर चित्र जास्त गुळगुळीत पळतं, आमच्या फोनवर अडखळतं. बंदूक सारखी, फोन सारखा नाही.

मामा : मग आपल्याकडं कुणी असा खेळ बनवत नाही का? सगळं कोरिया-चीनमधूनच यायला पाहिजे का?

भाचा : बनवतात की! आणि तेही पुण्यात. सुपरगेमिंग नावाची पुण्याची कंपनी आहे. तिचा 'मास्कगन' हा बंदुकीचा खेळ आधीपासून चालत होता. १६ ऑक्टोबर २०२४ ला तिनं 'इंडस' आणला, शंभर टक्के असाच शेवटपर्यंत टिकण्याचा, 'बॅटल रॉयल' म्हणतात तसला खेळ, पण भारतीय कल्पनेतल्या भविष्यकाळावर रचलेला. त्यात एक नवी चाल आहे. शेवटपर्यंत जिवंत राहणं हा जिंकण्याचा एकच मार्ग नाही. 'कॉस्मियम' नावाचं एक तत्त्व शेवटी प्रकट होतं, ते ताब्यात घेऊन राखलं तरी जिंकता येतं. मला ती कल्पना फार आवडली, कारण लपून बसणाऱ्याला बाहेर यावं लागतं.

मामा : मग भोकरची पोरं तो का खेळत नाहीत?

भाचा : काही खेळतात. पण अशा खेळाला आधी गर्दी लागते. भरपूर माणसं जमली तर डाव रंगतो. मित्र जिथं आहेत तिथंच पोरगं जातं. जुन्या खेळात त्याची रँक आहे, कपडे आहेत, स्क्वॉड आहे. नुसत्या ऑनलाइन खेळात नव्या माणसाला शिरणं अवघड होतं, खेळ कितीही चांगला असो. तरी पुण्यात असा खेळ घडतो, त्यात चित्रकार लागतात, प्रोग्रॅमर लागतात, आवाज देणारे लागतात, हे आपल्या पोरांना सांगायला पाहिजे. खेळणं हाच एक मार्ग नाही, बनवणंही आहे.

मामा : इथं मी सावध करतो. 'मी प्रो होणार, यूट्यूबवर स्ट्रीमिंग करणार' म्हणून दहावीनंतर शाळा सोडणारी पोरं असतात. नांदेड-लातूरला एक वेड 'नीट' परीक्षेचं, आता हे दुसरं. दोन्हींत वर चढणारे थोडे आणि खाली राहणारे फार.

भाचा : बरोबर. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धेत खेळायच्या व्हिडिओ गेम्सना, अधिकृत मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत पबजी मोबाइलला पदकं होती. तिथं माणसांवर गोळ्या झाडायच्या नव्हत्या, ठेवलेली लक्ष्यं टिपायची होती. त्या प्रकारात भारताचा संघ नव्हता. म्हणजे खेळ करणाऱ्यांनी मनावर घेतलं तर बंदुकीचं रूपही बदलता येतं. पण मान्यता मिळाली म्हणून प्रत्येकाचं पोट भरत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक 'प्रो'ला सांगतो.

मामा : चीननं २०२१ मध्ये अठराखालच्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीला, रात्री आठ ते नऊ, एवढंच खेळायचं असा नियम केला. मला तो बरा वाटला होता.

भाचा : आणि इथं लावला तर पोरं बापाच्या नावावर खातं काढतील. आत्ताही काढतातच. तीन तासांची मर्यादा कागदावर आहे, पण खातं वडिलांच्या नावानं असलं की पोरगं चाळीस वर्षांचं होतं.

मामा : मग उपाय काय? दोघांना मान्य होईल असा सांग.

भाचा : मी तीन गोष्टी मागीन. एक, खेळाच्या कंपन्यांनी अठराखालच्यांसाठी क्रेट पूर्ण बंद करावी. दोन, रँक उतरवणं आणि रोज यायला लावणारी बक्षिसं लहान खात्यांना लावू नयेत. तीन, खेळ कायमचा बंद करायचा असेल तेव्हा, लोकांनी पैसे भरलेत म्हणून, तो घरच्या नेटवर्कवर चालेल अशी सोय ठेवावी. आणि मी स्वतः एक करीन. दुकानापुढं सुट्टीच्या दिवशी चार-चारांच्या संघांची स्पर्धा लावीन, दिवसाउजेडी, पालकांसमोर. आपलं पोरगं तिथं काय बोलतं, कसं खेळतं, ते आई-बापांनी बघावं.

मामा : आणि मी शाळेच्या व्यवस्थापन समितीला सांगीन की संध्याकाळी मैदानाचं कुलूप काढा आणि एक दिवा लावा. पोरं फोनवर जातात याचं एक कारण असंही आहे की सूर्य मावळल्यावर त्यांना जायला जागाच नाही. पण लक्षात ठेव, प्राथमिक शाळेतल्या पोराच्या हातात हा खेळ मला चालणार नाही. स्पर्धेतही नाही.

भाचा : त्यावर तुम्ही आणि मी एकाच स्क्वॉडमध्ये आहोत, मामा. भांडण फक्त अकरावी-बारावीवाल्यांवरून आहे.

मामा : ते भांडण राहू दे. ते व्हायलाच पाहिजे.

मामा आणि भाचा यांचं सगळ्या बाबतींत एकमत झालं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण दोघांनी मिळून एक गोष्ट स्पष्ट केली आहे. या खेळातलं जे चांगलं आहे, ते खेळणाऱ्या माणसांनी आणलं आहे. साथीदाराला उठवायला धावणं, वेगवेगळ्या भाषांच्या पोरांनी एका डावात गुंतणं, लांब गेलेल्या मित्रांनी रोज भेटणं, ही सगळी त्यांचीच देणगी. जे वाईट आहे, त्यातलं बरंचसं खेळाच्या मालकीतून येतं. थांबायला जागा न देणं, मिळवलेलं परत काढून घेणं, आत काय आहे ते न सांगता पेटी विकणं, आणि एके दिवशी सगळं बंद करून निघून जाणं. माइकवरच्या शिव्यांची जबाबदारी मात्र खेळणाऱ्यांनाच घ्यावी लागेल. बंदी आली-गेली, पोरं तिथंच राहिली. म्हणून घरांनी, शाळांनी आणि कायदा करणाऱ्यांनी आपला राग पोराच्या हातातल्या फोनवर काढून थांबू नये. थांबण्याचा, सोडण्याचा आणि विकत घेतलेलं टिकण्याचा हक्क खेळणाऱ्याला मिळेल असे नियम मागावेत. भोकरच्या एखाद्या घरातही त्याची सुरुवात आजच करता येते. डाव सुरू व्हायच्या आधी आईनं विचारावं, 'आज किती डाव?' आणि पोरानं दिलेला शब्द पाळावा.